बिडी गेटावर, चंची आत

जिनिंगच्या गेटावर माणसाचं नाव नंतर विचारतात, खिसा आधी बघतात. मी सेलूला एका जिनिंगच्या गेटावर जमादार होतो. केस काळे होते तेव्हा उभा राहिलो, पांढरे झाले तेव्हा घरी बसलो. शाळा चौथीपर्यंत. आमच्या गल्लीतले मास्तर दिवाळी अंक काढतात. ते म्हणाले, "मामा, नोकरीतलं काही लिहा." गेटावरच्या माणसाकडं लिहिण्यासारखं काय असतं? आलेला आत, गेलेला बाहेर. पण मागच्या हंगामात जे बघितलं त्यानं मी अजून हबकलेलो आहे. तेवढंच लिहितो. मला गोड लिहिता येत नाही. ज्याला बोचेल त्यानं पान उलटावं.

ज्यांनी जिनिंग बघितलं नाही त्यांना आधी सांगतो. शेतातून येतो त्या कापसात रुई आणि सरकी एकमेकांना धरून असतात. जिन नावाचं यंत्र त्यांची फारकत करतं. सरकी खाली पडते, रुई पुढं जाते, तिला दाबून गाठी बांधतात. हे चालू असताना आत हवा कमी आणि रुई जास्त. नाकात रुई, कानात रुई, भुवयांवर रुई, चहाच्या कपावर साय यावी तशी रुई. आणि रुई म्हणजे आगीचं माहेर. एक ठिणगी पडली की बादली शोधेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

म्हणून जमादाराची कामं दोन. आत काडी-बिडी जाऊ द्यायची नाही, आणि बाहेर रुई जाऊ द्यायची नाही. येताना गड्यांची तलाशी मी घ्यायचो. जाताना बाया गेटापाशी उभ्या राहून पदर झटकायच्या, केस झटकायच्या, मग बाहेर. शेठचे पाहुणे आले तरी मी खिसे बघितले. एका नवरदेवाला मी गेटावर अडवून त्याची काडीपेटी काढून घेतली होती. तो शेठचा जावई होता. शेठ हसले, जावई अजून हसलेला नाही.

बिडी घेण्याचाही एक दस्तूर होता. सकाळी घेतलेली बिडी-काडी मी खिडकीतल्या टोपलीत ठेवायचो आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत द्यायचो. कुणाजवळ काय सापडलं ते ऑफिसात कधी सांगितलं नाही. नाव सांगितलं असतं तर गड्यानं बिडी धोतराच्या निरीत लपवली असती, आणि लपवलेली बिडी गिरणी जाळते. माझ्या वेळेला आमच्या जिनिंगला आग लागली नाही. ही बढाई आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्या.

पण माणसाच्या तोंडाला काहीतरी लागतंच. बिडी बंद, म्हणून आत चंची चालायची. बायांच्या ओळीत एकच कापडाची चंची, सुपारी-तंबाखूनं भरलेली, ह्या हातातून त्या हातात. तोंडात सुपारी असली की लाळ सुटते आणि रुई घशाखाली उतरत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. नवीन बाई कामावर आली की मुकादमीण तिला टोपली द्यायची आणि वर चिमूटभर सुपारी-तंबाखू. "धर, न्हाईतर खोकून मरशील." माझी बायको गयाबाई तिथं लागली तेव्हा तिला असाच घास मिळाला. पुढं कौसाबाई आली तेव्हा गयानं तिला दिला. तेव्हापासून कौसा गयाला अक्का म्हणायची आणि मला दाजी. चंचीनं आग लागत नाही, म्हणून चंची माझ्या नियमात नव्हती. माझ्या डोळ्यांसमोरून रोज आत गेली, जशी शिदोरी जाते.

गया गेली त्याला आता दुसरी दिवाळी. गालात फोड आला, फोडाची गाठ झाली. नांदेडला नेलं. परत आणली तेव्हा तिचं बोलणं बंद झालेलं होतं. जिनच्या आवाजावर आवाज चढवून ह्या टोकाची त्या टोकाला हाक मारणारी बाई, खुणा करून पाणी मागायची. डॉक्टरनं मला फार काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नशीब म्हणालो आणि पुन्हा गेटावर उभा राहिलो.

आता मागच्या हंगामाचं. जिनवरच्या एका गड्याचा हात यंत्रात गेला. हात वाचला, बोटं गेली. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. ही खबर आमच्या गाठी घेणाऱ्या सूतगिरणीपर्यंत गेली. त्यांनी शेठला कळवलं, कामगारांसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवा, तो बाहेरच्या संस्थेकडून करून घ्या, आणि ती संस्था पात्र असली पाहिजे. नाहीतर आम्ही माल दुसरीकडून घेऊ.

शेठनं मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर शेजारी बसलेला.

"मामा, पात्र म्हणजे काय हो?"

"मला काय ठाऊक शेठ? सोयऱ्याची पोरगी बघायला जातेत तेवढं मला ठाऊक."

"मग तसंच बघा. येईल त्याला आधी गेटावर तुम्ही बघा, मग आम्ही."

पहिला जो आला त्याच्या खिशात लायटर निघाला. मी काढून टोपलीत ठेवला. तो म्हणाला, "मामा, मी व्यसनमुक्तीवाला आहे." मी म्हणालो, "लायटरला ते कळत नाही." त्यानं मोठं बॅनर बांधलं, सगळ्यांना उजवा हात वर करायला लावला आणि शपथ दिली. थुंकायला कुणाला वेळच मिळाला नाही. गालात सुपारी धरूनच सगळ्यांनी सुपारी सोडायची शपथ घेतली. फोटो निघाला. जाताना मी विचारलं, "साहेब, परत कधी?"

"पुढच्या वर्षी."

"ज्याला उद्या सकाळी तलफ येईल त्यानं काय करायचं?"

"मनाचा निर्धार, मामा!" असं म्हणून त्यानं लायटर मागून घेतला. सूतगिरणीनं तो कार्यक्रम मानला नाही. त्या बाबतीत सूतगिरणी शहाणी निघाली.

दुसरा आला तो कंपनीचा. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र, सर्टिफिकिटांची फाइल, हातात एक यंत्र. त्याच्या नळीत फुंकायचं, की यंत्र दारू सांगतं. मॅनेजर खुश. मलाही आधी बरंच वाटलं. त्या गड्याची बोटं मी डोळ्यांनी बघितली होती, दारू पिऊन जिनपाशी कुणी जाऊ नये हे मला कुणी शिकवायला नको. पाळी बदलताना गेटापाशी सगळ्यांना ओळीत उभं केलं. गड्यांनी फुंकलं. दोघांवर यंत्र वाजलं, त्यांची मान खाली गेली. मग बायांची पाळी आली.

कौसाबाई पहिली. "माज्या बापानं दारू बघितली न्हाई, आन् मला फुंकायला लावायलाय व्हय रं लेकरा?"

"नियम सगळ्यांना सारखा, मावशी. जोरात फुंका."

कौसानं फुंकलं. यंत्र काही बोललं नाही.

"अजून जोरात."

मागून सिंधूबाई ओरडली, "अगं कौसे, सासूला शिव्या देतीस तसा दम लाव की!" सगळ्या हसल्या. कौसानं डोळे मिटून पुन्हा फुंकलं. ओठांच्या कडेनं फुस्स झालं. यंत्र गप्पच. मग हसणारी सिंधू पुढं आली. तिचंही तेच. मग तिसरी. काहींचं झालं, काहींचं होईना. एक तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

कंपनीवाला मॅनेजरला म्हणाला, "हे आम्ही सगळीकडं बघतो. मुद्दाम फुंकत नाहीत. आमच्या नियमात याला नकार म्हणतात. नकार म्हणजे सापडल्यासारखंच."

मी विचारलं, "सापडल्याच्या पुढं काय? दवापाणी तुमी करता?"

"ते आमच्याकडं नाही. आम्ही नावं देतो. पुढचं मालकानं बघायचं."

मॅनेजरनं जागच्या जागी हुकूम सोडला. ज्यांनी फुंकलं नाही त्यांना उद्यापासून आत घ्यायचं नाही. जिनपाशी मरमर कष्ट करणाऱ्या ह्या बाया, दारू ह्यांच्या नवऱ्यांनी प्यायली, मार ह्यांनी खाल्ला, आणि दारुड्या म्हणून नाव ह्यांचंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्याच. कौसाबाई माझ्यासमोर उभी राहिली.

"दाजी, मला अडविता? अक्काच्या हातचा घास खाल्लेली हाय मी."

"हुकूम हाय कौसा."

"घरात कमावणारी मी एकटी. नातीला काय खाऊ घालू, तुमचा हुकूम?"

मी त्यांना जिनकडं सोडलं नाही आणि घरीही जाऊ दिलं नाही. गेटाच्या आत लिंबाखाली बसवलं. हुकूम मोडला नाही आणि पाळलाही नाही. जमादाराला एवढं जमावं लागतं.

त्याच दिवशी तिसरी संस्था यायची होती. संस्था कसली, स्कूटीवर आलेली एक बाई. दातांची डॉक्टरीण, जिंतूरकडच्या खेड्यांत फिरून तोंडं तपासायची आणि तंबाखू-दारू सोडवायची. तलाशीसाठी तिनं आपणहून पिशवी उघडून धरली. मग लिंबाखाली बघून म्हणाली, "काका, या इथं का बसल्यात?"

मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा बदलला. ऑफिसात जायचं सोडून ती सरळ लिंबाखाली गेली आणि कौसापुढं मातीतच बसली.

"मावशी, घरी चूल आहे का?"

"हाय की."

"कोण फुंकतं?"

"नात फुंकती."

"तुम्ही का नाही?"

"व्हत न्हाई बाई. गालच फुगत न्हाईत आताशा."

डॉक्टरीणबाईंनी कौसाच्या केसात अडकलेला रुईचा पुंजका काढला, तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "उडवा." कौसानं फुंकलं. फुंकरीनं उडणार नाही असं रुईत असतं काय? पुंजका हलला आणि तिथंच राहिला. मग सिंधूच्या तळहातावर ठेवला. तिथंही राहिला. आता कुणी हसत नव्हतं.

"तीन बोटं अशी उभी धरा आणि तोंडात घाला."

कौसाची दोन शिरली. एकीचं एकच बोट जेमतेम गेलं. मी मागं उभा होतो, माझी तीन बोटं आपोआप तोंडात गेली. आरामात गेली.

"भाकरी कशी खाता?"

"दुधात नाहीतर वरणात कुस्करून," सिंधू म्हणाली. "सगळ्याच तशा खातो. जिनमधल्या बाया हाव आमी, आमचं तसंच असतंय."

"आणि ठेचा?"

"आग व्हती तोंडाची. सोडून दिला."

बाई म्हणाल्या, "सुपारीनं गाल आतून आवळत जातात. चामड्यासारखे कडक होतात. म्हणून तोंड उघडत नाही, म्हणून फुंकता येत नाही. या नकार देत नव्हत्या. यांना येतच नव्हतं."

पुढं त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं माझी चूल होती.

गया चुलीपाशी बसायची आणि मला हाक मारायची. "आवं, तुमी फुंका की. तुमचा दम मोठा." मी फुंकणी घ्यायचो, जाळ भपकन व्हायचा, ती कौतुकानं बघायची. मला वाटायचं, म्हातारपणी बायको लाडात आली. गल्लीत मित्रांना मी हे मिशीला पीळ देऊन सांगायचो. ती भाकरी दुधात कुस्करायची, मग मीही तशीच खायला लागलो, एका ताटात दोघं. तिनं ठेचा सोडला तेव्हा मी म्हणालो, आता तू शहरी झालीस. एवढी वर्षं ते लाड नव्हते. तोंड मिटत चाललं होतं तिचं, रोज थोडं थोडं, माझ्यासमोर, आणि मी फुंकणी हातात घेऊन हसत होतो.

मी बाईंना विचारलं, "गाठ व्हायच्या किती आधी हे कळतंय?"

"बरंच आधी, काका. कुणी तोंड बघितलं तर."

कुणी तोंड बघितलं तर! मी आयुष्यभर गेटावर माणसांचे खिसे बघितले.

मग आम्ही ऑफिसात गेलो. मॅनेजरनं बाईंची कागदं चाळली. डिग्री होती, संस्था नोंदलेली होती, पण कारखान्यात काम केल्याचा दाखला नव्हता. "कंपनीकडं सगळं आहे," तो म्हणाला. शेठनं गालातली सुपारी या बाजूची त्या बाजूला केली आणि बाईंना विचारलं, "कुणाला काय सापडलं त्याची नावं मला मिळतील ना?"

"नाही. किती जणांना त्रास आहे ते सांगेन. कुणाला, ते नाही. नशेत यंत्रापाशी कुणी दिसलं तर त्याला तिथून बाजूला घ्या, ते तुमचं काम. पण ज्यानं विश्वासानं तोंड उघडलं त्याचं नाव माझ्याकडून बाहेर येणार नाही."

"गिरणी माझी, आणि मलाच नावं नाहीत?"

"मग माझा उपयोग नाही शेठजी." बाई उठल्याच. शेठसमोरून असं कुणी उठलेलं मी बघितलं नव्हतं. मॅनेजरनं फाइल मिटली. खिडकीतून मला लिंबाखाली बसलेली कौसा दिसत होती. बाई स्कूटीवर बसल्या असत्या तर कौसाची टोपलीही त्या दिवशीच खाली ठेवली गेली असती.

मी म्हणालो, "शेठ, एक बोलू?"

"बोला मामा."

"रोज सकाळी माझ्या टोपलीत बिड्या जमतेत. मी कधी तुमाला नाव सांगितलं?"

"नाही."

"तुमी कधी विचारलं?"

"नाही."

"म्हणून लोक आपल्या हातानं काढून देतेत. नाव सांगायला लागलो की टोपली रिकामी दिसंल आन् बिड्या रुईत जातील. ह्या बाई माझ्यासारख्याच गेटावर उभ्या राहणार. कंपनीवाल्यानं एका दिवसात नावं दिली, आता बघा, एक बाई तोंड उघडंल का त्याच्यापुढं?"

शेठ म्हणाले, "बाई, बसा. आधी मला बघा. मामा, मॅनेजर, बाहेर व्हा, दार ओढून घ्या."

आम्ही बाहेर उभे राहिलो. बाई बाहेर आल्या तेव्हा मॅनेजरनं हळूच विचारलं, "काय निघालं शेठच्या तोंडात?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हात कुठं धुता येतील?" शेठच्या तोंडात काय निघालं ते मला आजही ठाऊक नाही. पण शेठनं खुर्चीतून बाईंचा तो जबाब ऐकला, आणि त्यांना पात्र म्हणजे काय ते कळलं. त्यांनी तिथूनच हाक दिली, "मामा, बायांना आत सोडा."

आता दुसऱ्या जिनिंगवाले मला विचारतात, संस्था कशी निवडावी. मी सांगतो, कागद बघाच, डिग्री नसलेला माणूस तोंडात बोट घालायला लागला तर तो आणखी वाईट. पण कागद बघून झाल्यावर विचारा, सापडलेल्या माणसाचं पुढं काय करणार? परत कधी येणार? आणि मालकाचं गुपित मॅनेजरला सांगणार का? तिसऱ्या सवालाला जो चटकन हो म्हणेल त्याला लायटरसकट परत पाठवा.

बाई पुढं दर आठवड्याला येत राहिल्या, आणि हा कार्यक्रम सूतगिरणीनंही मानला. दारूवाल्या दोघांना त्यांनी परभणीला उपचाराला लावलं, एक टिकला, एक पळाला. बायांची तोंडं बघायचं सुरू झालं आणि आम्ही सगळेच हादरलो. किती जणींना त्रास निघाला ते शेठला कळलं तेव्हा त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. काहींना दवाखान्यात जावं लागलं. सिंधूबाईला उशीर झाला होता. ती मोठ्यानं हसणारी बाई परत कामावर आली नाही, आणि ह्या दिवाळीच्या आधी गेली. तिच्या घरच्यांनीच सांगितलं, म्हणून नाव लिहितो.

कौसाच्या गालात पांढरा चट्टा होता, तो वेळेत काढला. हे लिहा म्हणून तिनंच सांगितलं. तिची चंची सुटायला लय त्रास झाला. चिडायची, टोपली आदळायची, मलाच शिव्या द्यायची. बाईंनी तिला चपट्या काड्या दातांत धरून तोंड ताणायला शिकवलं. ती लिंबाखाली बसून जेवणाच्या सुट्टीत काड्या धरायची, बाकीच्या चिडवायच्या, "कौसा, पाखरू दिसायलीस!" आता मुकादमीण नवीन बाईला टोपलीबरोबर नाकाला बांधायला फडकं देते आणि गुळाचा खडा देते. माझ्या खिडकीत बिडीच्या टोपलीशेजारी दुसरी टोपली ठेवली, चंच्यांसाठी. संध्याकाळी परत द्यायच्या, नाव न घेता. काही जणी परत न्यायला विसरायच्या. मी आठवण दिली नाही.

हंगाम संपला त्या दिवशी मीही काम सोडलं. गुडघे ऐकत नाहीत. बायांनी गेटावर नारळ दिला. कौसा पुढं आली, केसातला रुईचा पुंजका काढून तळहातावर ठेवला.

"दाजी, बघा हं."

"फुकट दम घालवू नगं कौसा."

तिनं गाल फुगवले. पुरते नाही फुगले, पण फुगले. फूऽ केलं. पुंजका उठला, हेलकावे खात आला आणि माझ्या मिशीला चिकटला. बाया टाळ्या पिटायला लागल्या. कौसा हसता हसता थांबली. "अक्का असती तर..." एवढंच बोलली आणि पदर झटकायला वळली.

नव्या जमादारानं मला बघितलं. जाताना गेटावर रुई झटकायची, तो नियम त्याला मीच शिकवला होता. तो माझ्या मिशीकडं बघत राहिला, मग बाजूला झाला. मी न झटकता गेटाबाहेर पडलो. रेल्वेच्या रस्त्यानं जाताना वाऱ्यात मिशीवरची रुई पडू नये म्हणून तोंडाशी हात धरून चाललो. घरी चुलीपुढं बसलो. रुई काढून चुलीच्या कोनाड्यात फुंकणीशेजारी ठेवली आणि मगच जाळ केला, तिला झळ लागू नये एवढ्या लांबून.